चोवीस फरश्यांचा घाट

नांदेडच्या किंवा लातूरच्या एखाद्या नव्या वस्तीतून संध्याकाळी चालत जा आणि घरांच्या दर्शनी भिंतींकडे पाहा. एका घरावर काबा शरीफचे चित्र असते, दुसऱ्यावर गणपतीचे, तिसऱ्यावर गुरू नानकांचे. आणि एखाद्या घरावर डोंगर असतो. डोंगरावर झाडी, बाजूला दरी आणि झाडीतून वळणे घेत वर जाणारा रस्ता. ही चित्रे कागदावर किंवा कापडावर काढलेली नसतात. ती चकचकीत फरश्यांवर असतात. पाऊस पडला की ती धुऊन निघतात आणि अधिकच उजळ दिसतात.

चित्रातल्या त्या रस्त्याला मराठीत घाट म्हणतात. हा शब्द मराठीत तीन अर्थांनी येतो. नदीला उतरण्यासाठी बांधलेल्या पायऱ्या म्हणजे घाट. गोदावरीवरचा नगीना घाट तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. भांड्याचा किंवा दागिन्याचा आकार म्हणजेही घाट. आणि डोंगर ओलांडणारा वळणावळणाचा रस्ता म्हणजेही घाटच. उर्दूत डोंगरातल्या वाटेला तुम्ही दर्रा म्हणता. आपण या पाठात बोलणार आहोत ते तिसऱ्या घाटाविषयी.

आणि ‘फरशी’ हा शब्द? तो तर तुमच्या ओळखीचाच आहे. फर्श या शब्दापासून तो मराठीत आला आणि इथलाच झाला. जमिनीवर बसवतात ती शहाबादी दगडाची लादीही फरशी आणि भिंतीवर लावतात तो भाजलेल्या मातीचा चकचकीत चौकोनही फरशी. दुकानदार त्याला टाइल म्हणतात.

आमच्या गल्लीत एक चाचा राहतात. ते एसटीत ड्रायव्हर होते. नोकरीची बरीच वर्षे त्यांनी नांदेडहून किनवट-माहूरकडे गाडी नेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी घर बांधले आणि फाटकाजवळच्या भिंतीवर घाटाचे चित्र लावायचे ठरवले. मला बरोबर घेऊन ते दुकानात गेले. दुकानात घाटांची बरीच चित्रे होती. पण सगळ्या डोंगरांवर बर्फ होता, झाडे देवदाराची होती आणि रस्त्याच्या कडेला लाकडी घरे होती.

“चाचा, हेच चालतं,” दुकानदार म्हणाला. “हे काश्मीर घ्या, नाहीतर हे स्वित्झर्लंड.”

“तिथं मी गाडी चालवलेली नाही,” चाचा म्हणाले. “माझा घाट माहूरचा.”

दुकानदार हसला. मलाही थोडे हसू आले. पण चाचांचे म्हणणे मला पटले होते. आपल्याकडचे डोंगर काही कमी नाहीत. बालाघाटच्या रांगा लातूर आणि नांदेड जिल्ह्यांतून जातात. किनवट आणि माहूरच्या बाजूला सागाची दाट जंगले आहेत. माहूर गावातून रेणुकादेवीच्या शिखराकडे जाणारा रस्ता वळणे घेत चढतो. पावसाळ्यात तिथला काळा खडक ओला होऊन चमकतो आणि सागाची मोठी पाने हिरवीगार होतात. उन्हाळ्यात तीच झाडे उघडी पडतात आणि डोंगर तपकिरी दिसतो. हे सगळे कोणत्याही दुकानातल्या चित्रात नव्हते.

दुकानातली चित्रे कशी तयार होतात, ते आधी पाहू. पांढरी माती, गारगोटीची पूड आणि फेल्डस्पार नावाच्या दगडाची पूड एकत्र करतात. हे मिश्रण यंत्राने जोरात दाबले की चौकोनी वडी तयार होते. ती वाळवतात. तिच्यावर काचेसारखा थर देतात. त्याला झिलई म्हणतात. झिलई म्हणजे एक प्रकारची काचच असते; फक्त ती मातीला चिकटून बसलेली असते. मग फरशी भट्टीत जाते. भट्टीचे तापमान एक हजार अंश सेल्सिअसच्या वर असते. त्या उष्णतेत झिलई वितळते, पसरते आणि थंड झाल्यावर कडक होते. पूर्वी चित्रातला प्रत्येक रंग वेगळ्या जाळीतून छापत असत. २००० सालानंतर रंगांचे बारीक थेंब उडवून चित्र छापणारी यंत्रे आली आणि एकच चित्र हजारो वेळा छापणे सोपे झाले. आज आपल्या देशातल्या बहुतेक फरश्या गुजरातमधल्या मोरबी या गावाच्या परिसरात तयार होतात. नांदेड आणि लातूरच्या दुकानांतही तोच माल येतो. त्यामुळे हजार किलोमीटर अंतरावरच्या दोन घरांवर एकच बर्फाचा डोंगर दिसतो.

आणखी एक स्वस्त प्रकार मिळतो. तयार फरशीवर छापील चित्र चिकटवतात. ते भट्टीत जातच नाही. पहिल्या वर्षी ते छान दिसते. मराठवाड्याचे दोन-तीन उन्हाळे गेले की आभाळ पिवळट पडते आणि झाडे फिकी होतात. भाजलेल्या रंगाचे तसे होत नाही. तो काचेत मिसळलेला असतो. ऊन त्याला सहजासहजी काढू शकत नाही.

हा भाजलेला रंग मोठा गमतीचा असतो. चित्रकार कागदावर निळा रंग लावतो तेव्हा त्याला निळाच दिसतो. फरशीवर झिलईचे रंग लावणाऱ्या जुन्या कारागिरांना ते सुख नव्हते. कोबाल्टची पूड जवळजवळ काळी असते. ती झिलईत मिसळून भाजली की गडद निळा रंग येतो. त्यालाच तुम्ही लाजवर्दी म्हणता. तांब्याची पूडही काळीच. सोडा असलेल्या झिलईत ती फिरोजी होते आणि शिसे असलेल्या झिलईत हिरवी होते. लोखंडाच्या गंजापासून मधासारखा पिवळा किंवा तपकिरी रंग मिळतो. कथील घातले की झिलई दुधासारखी पांढरी होते. म्हणजे कारागिराच्या पुढ्यात काळ्या, करड्या आणि तांबड्या पुडी असत आणि डोळ्यांपुढे मात्र निळे आभाळ असे. भट्टी उघडेपर्यंत त्याला धीर धरावा लागे.

या कलेला उर्दूत आणि फारसीत काशीकारी म्हणतात. इराणमध्ये काशान नावाचे शहर आहे. तिथल्या फरश्या इतक्या प्रसिद्ध झाल्या की फरशीचे नावच काशी पडले. तिथल्या कुंभारांच्या एका घराण्यातल्या अबुल कासिम काशानी या लेखकाने १३०१ साली या कामाची कृती लिहून ठेवली. दहा भाग गारगोटीची पूड, एक भाग काचेची पूड आणि एक भाग पांढरी माती, असे प्रमाण त्याने दिले आहे. कोबाल्टचा दगड काशानजवळच्या कमसर गावी मिळे, हेही त्याने सांगितले आहे. स्वयंपाकाच्या कृतीइतकी सरळ अशी ही कृती आहे. वाचताना वाटते, आपणही करून पाहावी. पण भट्टीचा अंदाज पुस्तकातून येत नाही.

काशानची ही विद्या आपल्यापासून फार दूर राहिली नाही. चाचांची मुलगी उदगीरला दिली आहे. एकदा चाचांबरोबर मी तिच्या घरी गेलो होतो. दुसऱ्या दिवशी चाचा म्हणाले, “इथवर आलोच आहोत तर बीदर पाहून येऊ.” उदगीरहून बीदरला रेल्वेही जाते आणि बसही जाते. आज बीदर कर्नाटकात आहे आणि उदगीर महाराष्ट्रातल्या लातूर जिल्ह्यात आहे. पण १९५६ पर्यंत हा सगळा भाग हैदराबाद राज्यात होता आणि उदगीर हा बीदर जिल्ह्याचाच तालुका होता. लातूर जिल्हा तर १९८२ साली झाला. म्हणून उदगीरच्या जुन्या माणसांना बीदर परके वाटत नाही.

बीदर ही बहामनी सुलतानांची राजधानी होती. तिथे महमूद गावान याचा मदरसा आहे. महमूद गावान इराणमधल्या गीलान प्रांताचा. १४५३ च्या सुमारास तो व्यापारी म्हणून बीदरला आला आणि पुढे राज्याचा मुख्य वजीर झाला. १४७२ च्या सुमारास त्याने हा मदरसा बांधला. इमारत तीन मजली होती. शिक्षक आणि विद्यार्थी तिथेच राहत. मोठा ग्रंथसंग्रह होता. समोरच्या बाजूला उंच मिनार होते आणि सगळी दर्शनी भिंत रंगीत फरश्यांनी मढवलेली होती. पुढे दरबारातल्या विरोधकांनी गावानच्या नावाचे खोटे पत्र तयार केले. सुलतानाने ते खरे मानले आणि १४८१ साली त्याला ठार मारले. सतराव्या शतकाच्या अखेरीस या इमारतीत साठवलेल्या दारूगोळ्याचा स्फोट झाला. समोरची अर्धी बाजू कोसळली. एक मिनार गेला, एक राहिला.

तो राहिलेला मिनार आम्ही पाहिला. त्याच्यावर फरश्यांचे नागमोडी पट्टे आहेत. निळा, हिरवा, पिवळा, पांढरा, असे रंग अजून दिसतात. साडेपाचशे उन्हाळे आणि पावसाळे त्या भिंतीवरून गेले आहेत. जिथे फरशी टिकली आहे तिथे रंग ताजा आहे. पण फार थोड्या ठिकाणी ती टिकली आहे. बाकी भिंतीवर नुसता चुना आणि दगड दिसतो.

रंग टिकला आणि फरशी मात्र पडली, असे का झाले? कारण फरशीचा खरा शत्रू तिच्या पाठीमागे असतो. फरशी भिंतीला चुन्याने चिकटवलेली असते. सांध्यातून पाणी आत शिरते. चुना ओला होतो, वाळतो, पुन्हा ओला होतो. हळूहळू त्याची पकड सुटते. भेगेत पिंपळाचे किंवा गवताचे बी रुजले तर मुळे फरशीला बाहेर ढकलतात. आणि खालच्या बाजूच्या फरश्या तर माणसाच्या हाताला लागतात. एखादा चमकदार तुकडा उचलून घरी नेण्याचा मोह कोणाला होत नाही? आम्ही तिथे होतो तेव्हा एका लहान मुलाच्या मुठीत नखाएवढा निळा तुकडा होता. चाचांनी त्याला जवळ बोलावले. रागावले नाहीत. भिंतीकडे बोट करून विचारले, “बेटा, हा कुठला आहे, सांग बरं.” मुलगा भिंतीकडे बघत राहिला. इतक्या मोठ्या भिंतीत त्या तुकड्याची जागा त्याला कशी सापडणार? शेवटी त्याने तुकडा पहारेकऱ्याच्या हातात ठेवला.

मदरशाच्या भिंतीवर वरच्या बाजूला अक्षरांचा एक रुंद पट्टा आहे. गडद निळ्या जमिनीवर पांढऱ्या अक्षरांत कुरआनातल्या आयती लिहिलेल्या आहेत. चाचा त्या पट्ट्याखाली बराच वेळ उभे राहिले. मला वाटले, ते वाचत आहेत. पण ते भलतेच काहीतरी पाहत होते.

“हे बघ,” ते म्हणाले, “अक्षर एका फरशीत सुरू होतं आणि दुसरीत संपतं. मध्ये सांधा आहे. पण अक्षर कुठं तुटत नाही.”

इतकी वर्षे रस्त्याकडे पाहणाऱ्या माणसालाच हे दिसले असावे. मी तोपर्यंत फक्त रंग पाहत होतो. फरशीवरच्या चित्रातली सगळ्यात अवघड जागा म्हणजे हा सांधा. काही ठिकाणी कारागीर वेगवेगळ्या रंगांच्या फरश्या कापून, त्यांचे लहान लहान तुकडे जोडून नक्षी तयार करतात. तिथे प्रत्येक तुकड्याची कड शेजारच्या तुकड्याशी जुळावी लागते. दुसऱ्या प्रकारात चौकोनी फरश्यांवर चित्र रंगवतात आणि मग त्या शेजारी शेजारी बसवतात. तिथे रेघ जुळावी लागते. फरशी भाजताना केसभर वाकली किंवा बसवताना केसभर सरकली तरी रेघ तुटते. फुलांच्या नक्षीत ते खपून जाते. अक्षरात खपत नाही आणि रस्त्यात तर मुळीच खपत नाही.

बीदरच्या किल्ल्यात रंगीन महाल आहे. सोळाव्या शतकात अली बरीदशाहाने त्याचे काम नव्याने करवून घेतले. तिथे काळ्या दगडात शिंपल्याचे तुकडे बसवलेले आहेत आणि भिंतींच्या काही भागांवर फरश्याही आहेत. बीदरजवळच्या अष्टूर गावी बहामनी सुलतानांच्या कबरी आहेत. त्यांतल्या अलाउद्दीन अहमदशाहाच्या मकबऱ्यावरही निळ्या फरश्या उरल्या आहेत. हा सुलतान १४५८ साली वारला. म्हणजे गावानच्या मदरशाआधीच ही कला इथे आलेली होती. या इमारतींची शोधपूर्वक नोंद गुलाम यझदानी यांनी केली. ते हैदराबाद राज्याच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख होते. बीदरवरचा त्यांचा ग्रंथ १९४७ साली निघाला. जुने काही पाहायला निघालात तर आधी अशा माणसांचे लिहिलेले चाळून जावे. नाहीतर आपण मिनाराची उंचीच तेवढी पाहून येतो.

बीदरच्या या फरश्यांवर डोंगर नाहीत, रस्ते नाहीत. तिथे नक्षी आणि अक्षरे आहेत. फरश्यांवर मोठमोठे प्रसंग आणि देखावे रंगवण्याची रीत पाहायची असेल तर आपल्या शेजारच्या गोव्यात जावे लागते. पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात भिंतीभर निळ्या-पांढऱ्या फरश्यांची चित्रे आहेत. कामोईश या पोर्तुगीज कवीच्या महाकाव्यातले प्रसंग त्यांत दाखवले आहेत. वास्को द गामाचा समुद्रप्रवास हा त्या काव्याचा विषय आहे. ही चित्रे जॉर्ज कोलासू या चित्रकाराने १९३५ साली केली. पोर्तुगालमधल्या पोर्तो शहराच्या रेल्वे स्टेशनात त्याने सुमारे वीस हजार फरश्यांवर चित्रे रंगवली आहेत.

पोर्तुगीज भाषेत अशा फरशीला अझुलेझु म्हणतात. तुम्हाला हा शब्द परका वाटेल. पण तो मूळचा अरबी आहे. अरबीत अशा चकचकीत फरशीला अझ्-झुलैज म्हणत. अरबांबरोबर तो शब्द आणि ती कला स्पेन-पोर्तुगालला गेली, तिथल्या लोकांनी ती आपली केली आणि पोर्तुगीज ती जहाजातून गोव्याला घेऊन आले. कोलासूचा जन्मही मोरोक्कोतल्या टँजिअर शहरात झाला होता. म्हणजे बीदरला ही कला इराणमधून जमिनीने आणि समुद्राने आली आणि पणजीला ती मोरोक्को, पोर्तुगाल असा फेरा घालून आली. एकाच घरातल्या दोन बहिणी दोन दूरच्या गावी नांदाव्यात, तसे हे झाले.

आता चाचांच्या घाटाकडे परत येऊ.

बीदरहून आल्यावर चाचांनी दुकानाचा नाद सोडला. नांदेडमध्येच त्यांना चित्रकलेच्या एक निवृत्त शिक्षिका भेटल्या. सगळे त्यांना बाई म्हणत. त्यांच्याकडे विजेवर चालणारी लहान भट्टी होती. चाचांनी त्यांना माहूरच्या रस्त्याचे फोटो दाखवले. बाईंनी फोटो ठेवून घेतले आणि चाचांनाच विचारले, “वळणावर आधी काय दिसतं?” चाचा सांगत गेले आणि बाई रेखाटत गेल्या. कठडा कुठे आहे, साग कुठे आहे, उतारावर पाणी कुठून येते. चाचांनी फक्त एक अट घातली. वळणावर लाल एसटी असली पाहिजे आणि ती चढणीला असली पाहिजे.

बाईंनी सहा इंची पांढऱ्या चोवीस फरश्या आणल्या. आडव्या सहा आणि उभ्या चार. म्हणजे चित्र तीन फूट रुंद आणि दोन फूट उंच. या फरश्या आधीच भाजलेल्या आणि झिलई दिलेल्या होत्या. त्यांच्यावर रंगवून पुन्हा सुमारे आठशे अंशांपर्यंत भाजायचे होते. ही रीत सोपी आहे. फरशी दुसऱ्यांदा आकसत नाही, म्हणून सांधे जुळवणे शक्य होते. बाईंनी टेबलावर सगळ्या फरश्या मांडल्या आणि दोन फरश्यांमध्ये थोडी जागा सोडली. भिंतीवर बसवतानाही तितकी जागा सुटणार होती. मग पेन्सिलीने घाट काढला. मी विचारले, “पेन्सिलीच्या रेघा राहणार नाहीत का?” बाई म्हणाल्या, “भट्टीत त्या जळून जातात. रंग राहतो.”

फरश्यांमधली ती जागा का सोडतात, हे नीट समजून घ्या. मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या वर जातो. भिंत तापते, फुगते. रात्री निवते, आकसते. फरशी आणि भिंत सारख्या प्रमाणात फुगत नाहीत. जागा सोडली नाही तर फरश्या एकमेकींना रेटतात आणि मधूनच उचलल्या जातात. शिवाय आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया उथळ असेल तर भिंतही तिच्याबरोबर हलते. चित्रकाराला म्हणून चित्राबरोबर भिंतीचाही विचार करावा लागतो.

भाजण्याचे काम सोपे नव्हते. तेव्हा नांदेडला भारनियमन होते. भट्टी मध्येच बंद पडली तर झिलई नीट वितळत नाही आणि रंग मंद राहतो. म्हणून बाई रात्री वीज येण्याची वाट पाहत. भट्टीत एका वेळी बाराच फरश्या मावत. बाईंनी वरच्या दोन ओळी, म्हणजे आभाळाच्या सगळ्या फरश्या, एकदम भाजल्या. वेगवेगळ्या दिवशी भाजल्या असत्या तर निळ्या रंगात थोडासा फरक पडला असता. झाडांत आणि खडकांत असा फरक कोणाच्या लक्षात येत नाही. आभाळात लगेच येतो. भट्टी बंद केल्यावरही त्यांनी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दार उघडले नाही. गरम फरशीला गार हवा लागली की तिला तडा जातो. चाचा सकाळपासून दोन वेळा येऊन गेले. बाईंनी त्यांना दोन्ही वेळा चहा पाजून परत पाठवले.

शेवटी दार उघडले. रंगवताना ज्यावर धूळ बसल्यासारखे वाटत होते, तो डोंगर आता ओला दिसत होता. लाल गाडी वळणावर उभी होती.

प्रत्येक फरशीच्या पाठीवर बाईंनी इंग्रजी आकडे लिहिले. वरच्या ओळीत डावीकडून एक ते सहा, तिच्या खाली सात ते बारा, असे चोवीसपर्यंत. फरश्या बसवायला शुक्रवारी मिस्त्री आला. बसवण्याआधी मिस्त्रीने साध्या पांढऱ्या फरश्या पाण्यात भिजत ठेवल्या. कोरडी फरशी सिमेंटमधले पाणी शोषून घेते आणि मग सिमेंटची पकड बसत नाही. चित्राच्या फरश्याही त्याने थोडा वेळ भिजवल्या. चाचांनी त्याला सांगितले, “मी नमाजहून येतो. तोवर कडेच्या पांढऱ्या फरश्या लावून घ्या.” पण मिस्त्री कामसू होता. त्याने कडेचे काम उरकले आणि चित्रालाही हात घातला.

चाचा परत आले आणि फाटकातच थांबले. चित्राच्या उजव्या कोपऱ्यात, वर आभाळात, लाल एसटी उभी होती. आणि डोंगराच्या मधोमध, जिथे वळण हवे होते, तिथे निळ्या आभाळाचा एक स्वच्छ चौकोन होता.

मिस्त्रीचा फार दोष नव्हता. इंग्रजी सहाचा आकडा उलटा धरला की नऊ होतो. वरच्या ओळीतली शेवटची फरशी सहावी आणि वळणावरची नववी. कोणत्या बाजूने वाचायचे, ते कळण्यासाठी आकड्याखाली रेघ मारतात. ती रेघ बाई या दोन फरश्यांवर विसरल्या होत्या. आपल्या देवनागरी आकड्यांत ६ आणि ९ असे फसवत नाहीत, हे लिहून पाहिले की कळेल.

सिमेंट अजून ओले होते. मिस्त्रीने पातळ पत्रा फरशीमागे सरकवला आणि हलक्या हाताने दोन्ही फरश्या सोडवल्या. सहावी अखंड निघाली. नववीचा एक टवका उडाला. तो कुठे पडला, ते शोधूनही सापडले नाही. दोन्ही फरश्या आपापल्या जागी गेल्या. रस्ता जुळला. गाडी चढणीला लागली. पण गाडीच्या मागे, कठड्याजवळ, नखाएवढी पांढरी खोक राहिली.

बाईंना कळले तेव्हा त्या म्हणाल्या, “नवी फरशी करून देते. फक्त आभाळाचा निळा थोडा वेगळा येईल.” चाचांनी थोडा विचार केला. मग म्हणाले, “राहू द्या, बाई.”

आजही कोणी पाहुणा आला की त्या पांढऱ्या खोकेवर बोट ठेवून विचारतो, “चाचा, हे काय?”

“दरड कोसळलीय,” चाचा सांगतात. “पण ती गाडीच्या मागं. गाडी पुढं निघून गेलीय.”